एका चाकाची डोली

किंजळवाडीत घरं चौदा. त्यातली सात घरं गणपतीत आणि शिमग्यात उघडतात, एरवी कुलूप. उरलेल्या सातांत मिळून सतरा माणसं, आणि त्या सतरांत ओझं उचलतील असे पुरुष बोटावर मोजण्याइतके. वाडी सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या खाली, दरीत वसलेली. डांबरी रस्ता वर सड्यावरून राजापूरकडे जातो. वाडीतून निघालं की आधी पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो, त्यावर लाकडी साकव, आणि साकव ओलांडला की जांभ्या दगडाची पाखाडी. एकशे नव्वद पायऱ्या. रस्ता खाली आणायचा म्हणून तीनदा मोजणी झाली. ज्या जमिनीतून तो यायचा तिच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. अठ्ठावीस मुंबईत, दोघं कुठं असतात ते कोणालाच ठाऊक नाही, आणि एक वाडीत. तो एक म्हणजे गंगाराम गोरिवले.

गंगाराम तीस वर्षं एस्टीच्या वर्कशॉपात बॉडी फिटर होता. ठोकर लागलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा, सीट बसवायची, दाराची बिजागरी बदलायची. निवृत्त झाल्यावर तो बायकोला, कमळाला, घेऊन वाडीत परतला. दोघांनी गाय घेतली, परसात भाजी केली. दोन वर्षं बरी गेली. मग कमळाच्या पायांना सूज आली. तिनं ती लुगड्याखाली दोन महिने लपवली, आणि एक दिवस चुलीपुढून तिला उठता येईना तेव्हा गंगारामला कळलं.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार, रत्नागिरीला. चुकवायचं नाही. तिच्या डाव्या मनगटात छोटी शस्त्रक्रिया करून शिरा जोडल्या, तिथूनच रक्त यंत्रात न्यायचं. त्या जागेवर बोट ठेवलं की आत बारीक थरथर लागायची. गंगाराम रोज सकाळी उठल्यावर आधी तिथं हात लावायचा. चालू ठेवलेल्या इंजिनावर हात ठेवावा तशी ती थरथर लागायची. "चालू हाय," असं म्हणून मगच तो चूळ भरायचा.

मुलगा समर्थ विरारला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एका खोलीत बायको-मुलांसह. तिथं कमळा दीड महिना राहिली. मग रत्नागिरीत खोली घेऊन दोघांनी एक पावसाळा काढला. त्या खोलीत ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण टाकलं, बोलणं टाकलं. "हितं मेले तर मला ओळखीचं कोण बगणार?" एवढंच एकदा म्हणाली. गंगारामनं सामान बांधलं आणि तिला वाडीत आणलं.

आता प्रश्न पाखाडीचा होता. खुर्चीला दोन बांबू बांधले की डोली होते, पण तिला चार खांदे लागतात. सुरुवातीला ते होते. स्वतः गंगाराम, सत्तरीला टेकलेला रावजी, चिरेखाणीवर कामाला जाणारा शिवा आणि रामा. वर सड्यावर भागोजीची रिक्षा उभी असायची. आठवड्यातून दोन वेळा वर आणि दोन वेळा खाली. मग रामा मुलीकडे ठाण्याला राहायला गेला. पाठोपाठ खाणीत चिरा उचलताना शिवाची कंबर धरली आणि तो अंथरुणाला लागला. उरले गंगाराम आणि रावजी.

तो शुक्रवार चुकला.

रविवारी सकाळी कमळाला आडवं होता येईना. बसूनही धाप लागत होती, ओठ काळेनिळे पडले होते. शेजारची तुळसा आली, तिनं एकदा कमळाकडे बघितलं आणि दारापुढच्या खळ्यात जाऊन वाडीतल्या बायकांना हाका मारल्या. तुळसा पंचेचाळिशीची, विधवा, एकटी शेती करणारी. शिवाची बायको दर्शना आली, आणखी चौघी आल्या. सहा बायकांनी पदर खोचले आणि डोली उचलली. पुढं गंगाराम आणि रावजी, मागं आलटून पालटून बायका. दर वीस पायऱ्यांवर थांबायचं. दर्शनाच्या खांद्याची कातडी सोलली. तुळसाच्या गुडघ्यातून काहीतरी कडकन वाजलं, पण ती तशीच चढली. खुर्चीत कमळा डोळे मिटून पुटपुटत होती, "ठेवा मला खाली. नका गं. ठेवा."

त्या दिवशी ती वाचली. रत्नागिरीहून परत आल्यावर गंगारामनं पडवीतली जुनी हत्यारं बाहेर काढली.

पहिली गाडी त्यानं तीन आठवड्यांत केली. चिरेखाणीतल्या हातगाडीचं चाक, लोखंडी अँगल, वर खुर्ची, पुढं-मागं दोन दांडे. वेल्डिंग राजापुरात ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे जाऊन स्वतः केलं. भार चाकावर जाईल, माणसं दोन पुरतील, हा हिशेब बरोबर होता. वर जाताना ती चालली. जड होती, प्रत्येक पायरीवर हिसका बसायचा, पण चालली. परत येताना, दुपारी, चार तासांच्या डायलिसिसनं कमळाच्या अंगात त्राण नव्हतं. साकवाच्या वरच्या वळणावर चाक एका निसटत्या दगडावरून घसरलं. पुढं रावजी होता, त्याच्या हातून दांडा सुटला आणि गाडी कलंडली. कमळा डाव्या हातावर पडली.

गंगारामनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि आधी मनगटाला बोट लावलं. थरथर होती. संध्याकाळपर्यंत हात सुजला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बोट ठेवलं तर आत काहीच नव्हतं. त्यानं जागा बदलून बघितली, जोरात दाबून बघितलं, कान लावून बघितला.

"काय वो?" कमळानं विचारलं.

तो मनगट चाचपत राहिला. तीच म्हणाली, "बंद पडली ना?"

मग मानेत नळी घालावी लागली. ती भिजवायची नाही, तिला धक्का लागू द्यायचा नाही. तापही दोनदा येऊन गेला. गंगारामनं गाडी ओढत नेऊन गोठ्यामागच्या दगडी गडग्याला टेकवली. तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

पुढचे तीन महिने त्यानं भीक मागितल्यासारखे काढले. सोमवारी आणि गुरुवारी पाखाडी चढून सड्यावर जायचं, कारण रेंज तिथंच येते, आणि आजूबाजूच्या वाड्यांत फोन करत बसायचं. उद्या दोघं जण मिळतील का? एकाची भातकापणी असायची, एकाची कंबर, एक नुसताच फोन उचलायचा नाही. कोणी आलं की कमळा त्यांच्या चहाची घाई करायची, आणि ती डोलीत बसली की पदर तोंडावर ओढून घ्यायची.

याच दिवसांत एका कॉलेजची मुलं आली. मुलं मनापासून आली होती. त्यांनी मोबाइलवर चालणारं ॲप बनवलं होतं. बटण दाबलं की जवळपासच्या स्वयंसेवकांना निरोप जाणार, आणि ते डोली उचलायला येणार. वाडीत रेंज नाही म्हणून सगळे सड्यावर गेले. गंगारामनं बटण दाबलं. पाच किलोमीटरच्या आत एकच स्वयंसेवक दिसला, रावजी. त्यालाही अर्ध्या तासापूर्वी मुलांनीच नोंदवलं होतं. मुलं ओशाळली. त्यातली सानिका नावाची मुलगी खाली परत आली, गोठ्यामागं पडलेली गाडी तिनं बघितली आणि विचारलं, "काका, ही कुणी केली?"

"मी. आनि पाडली पन मीच."

तिनं चाक फिरवून बघितलं, फोटो काढले, गेली. गंगारामला वाटलं, झालं. पण त्या रात्री जेवताना कमळा म्हणाली, "ती पोरगी मला इचारत व्हती, आत बसल्यावर कसं वाटतं. तुमी कदी इचारलं नाय."

"काय इचारायचं? पडलीस तू."

"पडायच्या आदीचं म्हंते मी. तुमी बसा एकदा त्यात."

दुसऱ्या दिवशी तो बसला. तुळसा पुढं, दर्शना मागं. पाखाडीच्या वरच्या टोकापासून खाली. दहाव्या पायरीला त्याला घाम फुटला. तोंड उताराकडे असल्यानं समोर नुसती दरी दिसत होती, आपण कोणत्याही क्षणी पुढं फेकले जाऊ असं वाटत होतं. पाय लोंबकळत होते. धरायला काही नव्हतं, दांडे दुसऱ्यांच्या हातात. प्रत्येक पायरीला मान मागं आपटत होती. "थांबा," तो ओरडला, पण थांबायला दोघींना आणखी चार पायऱ्या लागल्या.

तो उतरून पायरीवर बसला. तीस वर्षं त्यानं सीटा बसवल्या होत्या आणि आपल्या बायकोला मात्र अशा खुर्चीत बसवली होती.

त्यानं घरी जाऊन कमळाच्या पुढ्यात वही ठेवली. "सांग."

ती सांगू लागली. उतरताना तोंड डोंगराकडे हवं, म्हणजे मागं धरणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो. पाय टेकायला फळी हवी. डोक्यामागं उशी नको, ती हलते. कापडाची पट्टी हवी. आणि शेवटी म्हणाली, "ब्रेक माझ्या हातात द्या."

"तुज्या हातात? त्या दोघी वडत असताना?"

"मला थांबावंसं वाटलं तर मी थांबवीन. मी काय पोतं हाय का?"

दुसरी गाडी करायला दोन महिने लागले. अँगल काढून हलका पाइप घेतला. हातगाडीचं चाक काढून जुन्या मोटरसायकलचं मोठं चाक लावलं, ते पायरीवर अडत नाही. भंगारातल्या मोपेडचे शॉकॲब्सॉर्बर बसवले. खुर्ची चौकटीत टांगती ठेवली, म्हणजे उतारावरही ती सरळ राहते. सानिकानं कॉलेजातल्या सरांना विचारून ब्रेकची तार कशी फिरवायची ते काढून पाठवलं, कारण चढताना खुर्ची उलटी फिरवली तरी तार पिळू नये. आणि वाडीतल्या बायकांनी पाखाडीच्या एका कडेनं प्रत्येक पायरीला दगडाचे तुकडे लावून चाकापुरता उतार करून घेतला. एकशे नव्वद पायऱ्या. तुळसा दुखऱ्या गुडघ्यानं रोज सकाळी दोन तास खपायची.

कमळाच्या डाव्या हाताला, कोपराजवळ, पुन्हा शिरा जोडून घेतल्या होत्या. थरथर परत आली होती. उजव्या हातात ब्रेक घेऊन ती पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा माघ संपत आला होता. पुढं तुळसा, मागं दर्शना. गंगाराम बाजूनं नुसता चालत होता, त्याला काही करायचंच नव्हतं. अर्ध्या पाखाडीवर कमळानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"काय झालं?" गंगाराम घाबरला.

"काय नाय. काजू मोहरलाय, बगते."

ती पाच मिनिटं बघत बसली. तुळसा पायरीवर टेकून पदरानं वारा घेत होती. कोणी घाई केली नाही.

तीन महिने एकही मंगळवार चुकला नाही, एकही शुक्रवार चुकला नाही. ती जत्रेला गेली. समुद्रकाठी नाटे गावी माहेरी जाऊन भावाकडे दोन दिवस राहिली, ताजे मासे बघून आली, खाल्ले मात्र बेतानं. लोक गाडी बघायला यायचे, व्हिडिओ काढायचे. डायलिसिसला तिच्या शेजारच्या पलंगावर गंगुबाई म्हणून एक बाई असायच्या, त्यांची वाडीही अशीच रस्त्यापासून लांब. त्यांचा मुलगा विनीत काजूच्या कारखान्यात कामाला होता. तो येऊन गाडीची मापं घेऊन गेला.

मे महिन्याच्या शेवटी गंगाराम म्हणाला, "पावसात रत्नागिरीला खोली बगतो. सप्टेंबरपर्यंत."

"कशाला? आता गाडी हाय."

"साकव जुना झालाय."

"लगीन झाल्यापासनं मी त्याच साकवावरून जातेय. त्या खोलीत मी परत जायची नाय. मेले तरी नाय."

त्यानं दोनदा आणखी विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही. खरं म्हणजे त्यालाही जायचं नव्हतं. गाडी चांगली झाली होती. तिच्यावर त्याचा विश्वास बसला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रविवारी जो पाऊस लागला तो थांबलाच नाही. सोमवारी दुपारी पऱ्याचं पाणी साकवाला लागलं. गंगाराम कमळाला त्याच वेळी पलीकडे काढायला निघाला होता, गाडी खळ्यात आणली होती. तेवढ्यात रावजी भिजत आला. "साकव गेला," तो म्हणाला. "आताच. माझ्यासमोर."

मंगळवार गेला. वाडीमागच्या डोंगरातून जंगलाची एक वाट होती, तीन तासांची. बुधवारी गंगाराम आणि तुळसा ती बघून आले. मधला उतार खचून खाली आला होता, वाट उरली नव्हती. कंबर जेमतेम सावरलेला शिवा झाडाच्या मुळांना धरत वाडीच्याच बाजूच्या एका उंचवट्यावर चढला, तिथं फोन लागला. तहसील कार्यालयातून सांगितलं, बचाव पथक पाठवतो, पण मधले रस्ते दरडींनी बंद आहेत. ते खोटं बोलत नव्हते.

गाडी खळ्यात तशीच उभी होती, वर प्लास्टिक टाकलेलं. सहा बायका, तीन पुरुष, सगळे तयार होते, पण उचलून न्यायचं कुठं?

गुरुवारपासून कमळा बसूनच होती. आडवं झालं की घुसमटायची. अंगात पाणी चढत होतं. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजून पाणी द्यायचं असतं, ते डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आणि आता तर थेंबही जड होता. चारी बाजूंनी पाण्याचा आवाज. कौलांवरून, पन्हाळीतून, पऱ्यातून. आणि ती सारखी पाणी मागत होती.

"घोटभर द्या वो."

"आताच दिलं ना. उद्या पथक येईल, मग."

"तांब्याभर द्या. एकदाच. पोट भरून."

"कमळे, ऐक माझं."

"मला आता काय होनार हाय त्यानं?"

त्यानं ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं तो दातांत धरून चोखला, लहान मूल चोखतं तसा. तुळसा उठून पडवीत गेली आणि तिथं भिंतीला डोकं लावून रडली.

शुक्रवार असाच गेला. शनिवारी सकाळी पाऊस जरा उघडला. गंगारामनं तिच्या कोपराला हात लावला, थरथर होती, जोरात होती. "चालू हाय," तो म्हणाला. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. तासाभरानं ती त्याच्या खांद्यावर रेलली आणि तिचा श्वास लांबत लांबत गेला. त्याचं बोट तिच्या कोपरावरच होतं. ती थरथर कधी थांबली ते त्याला नेमकं कळलं.

दुपारी पथक आलं. दोर, टायर ट्यूबा, सगळं घेऊन, चिखलात बरबटलेली तरणी माणसं. त्यातल्या एकानं गंगारामपुढं हात जोडले.

दिवसकार्य झालं. समर्थ येऊन गेला, विरारला चला म्हणाला, गंगाराम गेला नाही. लोक समजूत घालायचे, गाडीमुळे तिचे शेवटचे महिने सुखाचे गेले म्हणायचे. गंगाराम ऐकून घ्यायचा. एकदा मात्र तुळसाला म्हणाला, "गाडी केली नसती तर ती भांडून का व्हयना, खोलीत राहिली असती. भिंतीकडं तोंड करून बसली असती. पन असती."

तुळसा म्हणाली, "दादा, मीच वडली ना ती गाडी? मग मला पन सांगा तसं."

शेवटचं पाणी दिलं नाही, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. तुळसाला ते माहीत होतं.

दिवाळीनंतर विनीत आला. त्यानं घेतलेल्या मापांवरून गाडी करायला टाकली होती, पण चाक डुगडुगत होतं. आईला तो आणि शेजारचे तिघं डोलीतून नेत होते. "काका, तुमची द्याल का?" बोलताना त्याची मान खालीच होती. गंगारामनं नाही म्हटलं. विनीत पाखाडी चढून जायला निघाला, आणि निम्म्या वाटेवर गंगारामनं त्याला हाक मारली. गाडी देताना तो त्यांच्या वाडीपर्यंत बरोबर गेला. गंगुबाईंना खुर्चीत बसवून त्यानं पायाची फळी दोन बोटं वर घेतली, कारण त्या ठेंगण्या होत्या.

वाडीला साकव अजून झालेला नाही. गावकऱ्यांनी पोफळीचे सोट टाकून तात्पुरता केला आहे.

या वर्षी मे संपत आला तसा गंगारामला घरात बसवेना. एका सकाळी तो दोन डोंगर ओलांडून गंगुबाईंच्या खळ्यात जाऊन उभा राहिला. "पावसाआदी आईला रत्नागिरीत न्या," तो विनीतला म्हणाला.

"आमचा साकव सिमेंटचा आहे काका. काही होत नाही त्याला."

"न्या."

"ती तयार नाही. तिकडं तिला करमत नाही."

"नाय करमलं तर नाय करमलं," गंगाराम म्हणाला आणि तिथंच गडग्यावर बसला. त्यांनी चहा दिला, जेवायला बोलावलं. तो जेवला आणि परत गडग्यावर येऊन बसला. गंगुबाई आतून चिडून म्हणाल्या, "ह्या मानसाला काय झालंय?" दिवेलागणीला तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी विनीत त्याच्यावर ओरडला, मग माफी मागितली, मग बायकोशी आत जाऊन बराच वेळ बोलला.

चौथ्या दिवशी गंगाराम पोचला तर दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, सकाळीच रत्नागिरीला गेले, भांडी-अंथरुणं घेऊन, गंगुबाई रडत होती.

शेजाऱ्यांनी परत आणलेली गाडी पडवीत उभी होती. गंगारामनं तिच्यावरचं प्लास्टिक नीट खोचलं आणि तो उन्हातून परत फिरला.